डॉक्टरांना दुखणं नीट कसं सांगायचं
बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत गर्दी असली की डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, आणि आपली आई-आजी आत गेल्यावर "तसं काही नाही, थोडं दुखतं" एवढंच बोलते, म्हणून घरूनच चिठ्ठीवर किंवा मोबाईलमध्ये लिहून न्या. नुसतं 'खूप दुखतं' नको, कसं दुखतं ते लिहा, ठणका लागतो, कळ येते, जळजळतं, मुंग्या येतात की टोचल्यासारखं होतं, कारण जळजळ आणि मुंग्या असतील तर डॉक्टर नसेचाही विचार करतात. जागा बोटाने दाखवा, दुखणं कुठे सरकतं का तेही. 0 ते 10 मध्ये किती असं विचारतात, तेव्हा आकड्यासोबत काय जमत नाही ते सांगा, म्हणजे '7 आहे, नारळ खवायला खाली बसता येत नाही, रात्री कुशीवर वळलं की जाग येते', याने खूप कळतं खरंच. गोळी कुठली घेतली, किती वेळ बरं वाटलं हेही. आणि प्लीज, पेशंटला स्वतः बोलू द्या, मध्ये मध्ये आपणच उत्तरं देऊ नका. छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम येत असेल तर मात्र लिहीत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.