सूत्रकृमीला दाद न देणारा बटाटा: जनुकाच्या प्रती रोपांवरून कशा ओळखाव्यात

नीलगिरीत बटाट्यावरील पुटीकारक सूत्रकृमी (मुळांत शिरणारा सूक्ष्म कृमी, ज्याच्या मादीची अंड्यांनी भरलेली कठीण पुटी बनते) १९६१ साली आढळला आणि पुढे तेथे कुफरी स्वर्णासारख्या प्रतिकारक्षम जाती आणाव्या लागल्या. अशी जात संकरासाठी निवडताना ती प्रतिकारक्षम आहे एवढे कळून भागत नाही. प्रतिकाराचे जनुक तिच्यात किती प्रतींत आहे, हे आधी तपासावे लागते.

उदाहरणादाखल अँडीजमधील बटाट्यातून आलेले एच-१ हे प्रभावी जनुक, म्हणजे ज्याची एक प्रतही प्रतिकाराला पुरते असे जनुक, घेऊ. बटाट्याची ४८ गुणसूत्रे चार-चारच्या बारा गटांत असल्यामुळे या जनुकाच्या एक ते चार प्रती असू शकतात, आणि एक प्रत असलेले झाड तीन प्रतींच्या झाडाहून शेतात वेगळे ओळखू येत नाही.

प्रती ओळखण्यासाठी संकर सूत्रकृमीला बळी पडणाऱ्या, म्हणजे हे जनुक नसलेल्या जातीशी करावा. मादी झाडाची कळी उमलण्याच्या बेतात असताना चिमट्याने पाचही पिवळे परागकोश अलगद काढावेत, दुसऱ्या जातीचा पराग कुक्षीवर (फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकावर) लावावा आणि फुलाला चिठ्ठी बांधावी. हे काम थंड डोंगराळ भागात, लांब दिवसांतच साधते. मैदानी भागात फुले बहुधा गळून पडतात. टोमॅटोसारखे हिरवे फळ मऊ झाले की बिया धुऊन वाळवाव्यात.

बियांपासून वाढवलेल्या रोपांचे बटाटे पुटी मिसळलेल्या मातीत, कुंडीत लावावेत. सुमारे दहा आठवड्यांनी कुंडी उलटी करून मुळांचा गोळा भिंगाखाली पाहावा. बळी पडलेल्या रोपाच्या मुळांवर मोहरीहूनही बारीक सोनेरी मणी, म्हणजे सूत्रकृमीच्या माद्या, दिसतात. प्रतिकारक्षम रोपाच्या मुळांत अळी शिरते खरी, पण तिच्या भोवतीच्या पेशी मरतात आणि मादीची वाढ होत नाही.

आता मोजणी. साठ रोपांपैकी तीसच्या आसपास प्रतिकारक्षम निघाली तर मूळ झाडात एक प्रत (प्रतिकारक्षम व बळी पडणारी रोपे १:१), पन्नासच्या आसपास निघाली तर दोन प्रती (५:१), आणि जवळपास सगळीच निघाली तर तीन किंवा चार प्रती समजाव्यात. दहा-बारा रोपांवरून निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. तेवढ्यात १:१ आणि ५:१ यांची सहज गल्लत होते.

मणी सोनेरी न होता पांढरेच राहून पुढे तपकिरी झाले, तर तो दुसऱ्या प्रजातीचा सूत्रकृमी असतो, आणि त्याच्यापुढे एच-१ चालत नाही. चाचणीची माती वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय टाकू नये, कारण पुटीतील अंडी पीक नसतानाही कित्येक वर्षे जिवंत राहतात.