डिप्लोमसीत हरलेली आर्मी पटावरून कशी उठवावी

डिप्लोमसी या युरोपच्या नकाशावर खेळायच्या पटाच्या खेळात हल्ला यशस्वी झाला म्हणजे समोरची आर्मी (जमिनीवरची तुकडी) मेली, असं होत नाही. ॲलन कॅलहॅमर यांनी घडवलेल्या आणि १९५९ साली बाजारात आलेल्या या खेळात फासे नाहीत. हरलेली आर्मी शेजारच्या प्रांतात हटते आणि पुढच्याच चालीत पुन्हा अंगावर येते. तिला संपवायचं तर हटायला जागाच उरता कामा नये.

म्हणून ऑर्डर, म्हणजे सगळे खेळाडू एकाच वेळी आपल्या तुकड्यांना देतात ते लेखी हुकूम, लिहिण्याआधी नकाशावर बोट ठेवून तिच्या पळवाटा मोजा. तीन ठिकाणी तिला जाता येत नाही: जिथे आधीच कुणी आहे, जिथून हल्ला आला, आणि जिथे त्याच चालीत टक्कर होऊन कुणालाच शिरता आलं नाही. पोर्तुगालचं काम सोपं, कारण जमिनीवर शेजारी एकटा स्पेन. प्रत्येक तुकडीची ताकद एक; शेजारच्या तुकडीने सपोर्ट दिला, की ती एकाने वाढते. स्पेनमधून हल्ला आणि मिड-अटलांटिक समुद्रातल्या फ्लीटचा (आरमारी तुकडीचा) सपोर्ट, की तिथली एकटी आर्मी संपली.

आता ग्रीस बघा. तिथे तुर्कस्तानची आर्मी आहे, तुम्ही ऑस्ट्रिया, इटली तुमचा दोस्त. ग्रीसमधून जमिनीवरच्या वाटा तीनच. सर्बियातून तुम्ही हल्ला करणार, ती वाट आपोआप बंद. बल्गेरियात तुमची आर्मी बसलेली, दुसरीही बंद. उरतो रिकामा अल्बेनिया. ट्रिएस्टची आर्मी तिथे नेऊन बसवता येईल, पण मग ट्रिएस्ट उघडं पडतं. त्यापेक्षा ट्रिएस्टची आर्मी आणि एड्रियाटिकमधला इटलीचा फ्लीट, दोघांनाही एकाच वेळी अल्बेनियाची ऑर्डर द्या. ताकद सारखी, दोघेही जागच्या जागी राहतात आणि रिकामा अल्बेनिया तुर्कांना बंद होतो. मला ही या खेळातली सर्वांत देखणी चाल वाटते. धोका एकच: इटलीने शब्द फिरवला, तर तुमची आर्मी अल्बेनियात पोहोचते आणि त्याचा फ्लीट ट्रिएस्टमध्ये शिरतो.

पळवाटा बंद झाल्या, तरी ताकद मोजायची राहतेच. एजियनमधला तुर्की फ्लीट ग्रीसला सपोर्ट देत असेल, तर बचाव दोनचा होतो. तुम्हाला तीन हवेत: सर्बियाचा हल्ला, बल्गेरियाचा सपोर्ट, आयोनियनमधल्या इटालियन फ्लीटचा सपोर्ट. कॉन्स्टँटिनोपलहून बल्गेरियावर नुसता हल्ला झाला, तरी तिथला सपोर्ट तुटतो आणि ग्रीस हलत नाही.

दोन हरलेल्या तुकड्या एकाच प्रांतात हटल्या, तर दोन्ही बाद होतात. हे तुमच्या हातात नसतं, पण दोघांना एकच वाट उरेल असा डाव मांडता येतो.

आणि वेळ बघा. खेळातल्या वर्षात स्प्रिंग आणि फॉल अशा दोन चाली; त्यानंतरच्या हिवाळ्यात ज्याच्या ताब्यात जितकी पुरवठा केंद्रं (नकाशावर खूण केलेले प्रांत), तितक्या तुकड्या त्याला ठेवता येतात. स्प्रिंगमध्ये उठवलेली आर्मी फॉलमध्ये शत्रूला मिळत नाही. फॉलमध्ये उठवलीत आणि त्याची केंद्रं तेवढीच राहिली, तर त्याच हिवाळ्यात तो घरच्या मोकळ्या केंद्रात नवी आर्मी उभारतो. ग्रीस हे पुरवठा केंद्र आहे, तिथे आर्मीसोबत केंद्रही जातं. पण दूर अल्बेनियात अडकलेल्या तुर्की आर्मीला फॉलमध्ये मारू नका. मेली, तर ती कॉन्स्टँटिनोपलला ताजी होऊन उभी राहील.