मागावर सपाट, पाण्यात उठावदार : जपानी धाटणीचे दुहेरी कापड

क्योतो शहराच्या उत्तरेला असलेल्या तांगो भागात १७२० पासून चिरिमेन नावाचे रेशमी क्रेप विणले जाते. त्याच्या बाण्याला (आडव्या धाग्याला) मीटरमागे सुमारे ३,००० पीळ दिलेले असतात, तरीही मागावर ते सपाटच दिसते. विणल्यानंतर गरम पाण्यात रेशमावरील नैसर्गिक डिंक निघून गेला की पीळ मोकळा होतो, धागा आखडतो आणि कापडावर बारीक सुरकुत्या उठतात. किर्यू या विणकरांच्या गावी जन्मलेल्या वस्त्ररचनाकार जुनिची अराई (१९३२–२०१७) यांनी पाण्याच्या या करामतीला संगणकावर चालणाऱ्या जॅकार्डची (ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा स्वतंत्र उचलणाऱ्या यंत्रणेची) जोड दिली आणि १९८४ मध्ये रेइको सुदो यांच्यासह तोक्योत ‘नुनो’ ही संस्था स्थापन केली. त्याच विचाराचा छोटा नमुना, एकावर एक दोन थर असलेले दुहेरी कापड, आठ शाफ्टच्या (ताण्याचे धागे गटाने उचलणाऱ्या चौकटींच्या) मागावर विणता येतो.

एक आटणारा आणि एक न आटणारा असे दोन धागे घ्यावेत. लोकर आणि सुती धागा ही सर्वांत सोपी जोडी आहे. मात्र ‘मशीनमध्ये धुता येईल’ अशी प्रक्रिया केलेली लोकर आटत नाही, आणि ती चुकून वापरली तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

ताण्यात सुती आणि लोकरीचे धागे एकाआड एक भरावेत. नक्षीच्या पहिल्या पट्ट्यासाठी शाफ्ट १ ते ४ आणि दुसऱ्यासाठी ५ ते ८ योजावेत. प्रत्येक गटात विषम शाफ्टवर सूत, सम शाफ्टवर लोकर. विणकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन-चार सेंटिमीटरचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे मांडावेत : एका चौकोनात सुती थर वर, शेजारच्यात लोकरीचा. दोन्ही थर साध्या विणीचे असतात. खालच्या थराचा बाणा टाकताना वरच्या थराच्या ताण्याचे सर्व धागे उचललेले असावेत, हा नियम मोडला की थर नको तिथे चिकटतात; म्हणून माग लावण्यापूर्वी पडद्यावर दोन्ही बाजू तपासून घ्याव्यात. चौकोनांच्या सीमेवर थर एकमेकांची जागा घेतात आणि तिथेच कापड बांधले जाते.

वीण नेहमीपेक्षा विरळ ठेवावी. सवयीने हात घट्ट ठोकतो, पण घट्ट विणलेल्या लोकरीला आटायला जागाच उरत नाही. मागावरून उतरवल्यावर कडा शिवून घ्याव्यात आणि लांबी-रुंदी लिहून ठेवावी.

त्यानंतर कापड गरम साबणाच्या पाण्यात हातांनी चोळावे व मधूनमधून उचलून पाहावे. लोकर आटू लागते, सुताला आटता येत नाही, आणि बांधलेल्या रेषांच्या मध्ये ते फुगते. जिथे सूत वर आहे तिथे पुढे, जिथे खाली आहे तिथे मागे. हवा तेवढा उठाव आला की थांबावे, कारण आटलेली लोकर पूर्ववत होत नाही. थंड पाण्यात खळबळून, न पिळता, आडवे पसरून वाळवावे आणि इस्त्री मुळीच फिरवू नये. वाळल्यावर पुन्हा मोजमाप घ्यावे. दोन्ही आकड्यांतील फरकावरून मोठ्या कापडासाठी ताणा किती जास्त धरायचा, हे ठरवता येते.