शाळेपुढचा स्पीड डिस्प्ले बोर्ड: या चुका टाळा

येणाऱ्या गाडीचा वेग रडारने मोजून आकड्यात दाखवणारा बोर्ड लागला की पहिले काही दिवस गाड्या हळू होतात. पुढे पावसात आकडे मिणमिणतात, रिकाम्या रस्त्यावरही ‘१२’ उजळतो आणि चालक बोर्डाकडे बघणेच सोडतात. यातले बरेचसे बिघाड यंत्राचे नसतात, बसवण्याचे असतात.

तिरका कोन

रडार गाडीचा पूर्ण वेग मोजत नाही, त्यातला स्वतःच्या दिशेने येणारा भागच मोजते. खांब गाडीच्या रेषेपासून ६ मीटर बाजूला असेल, तर ताशी ४० कि.मी.ने येणारी गाडी ६० मीटरवरून जवळजवळ ४०, ३० मीटरवरून ३९ आणि १० मीटरवरून ३४ दिसते. चालकाने ब्रेकला पाय लावलेला नसतो, तरी आकडा उतरतो.

मग फिटर बोर्ड रस्त्याकडे आणखी वळवतो. त्याने दुखणे वाढते. कोन ठरतो तो गाडी आणि खांब यांच्या जागेवरून. तोंड वळवून तो सुधारत नाही. उलट रडारचा झोत जवळच्या गाड्यांवर पडतो, म्हणजे चुकीचे आकडेच जास्त पकडले जातात. खांब रस्त्याच्या शक्य तितका लगत घ्या आणि तोंड ६०–८० मीटरवरच्या लेनच्या मध्याकडे ठेवा. अगदी जवळ आलेली गाडी मग आपोआप झोताबाहेर जाते.

एवढे करूनही ‘बोर्ड कमी दाखवतो’ अशी तक्रार येईल. गाड्यांचे स्पीडोमीटर बहुधा थोडे जास्तच दाखवतात. खात्री करायची तर मोबाइलच्या जीपीएसवर ३० धरून तीन फेऱ्या मारा.

भुताचे आकडे

हलती फांदी, टपरीतला पंखा, फडफडणारा फ्लेक्स यांनाही रडार वेग समजते. ‘फक्त येणारी वाहने’ ही सेटिंग निवडा, किमान वेग १०–१५ ठेवा. (खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागणारच, तो उतरवायची जबाबदारी आधीच कोणावर तरी टाका.) एसटी आणि दुचाकी शेजारी धावत असतील तर दुचाकीवाल्याला एसटीचा आकडा दिसू शकतो, म्हणून गाड्या एका रांगेत येतात असा तुकडा शोधा. ५० च्या वर आकडा न दाखवता ‘हळू’ लुकलुकू द्या, नाहीतर पोरे विक्रम करायला येतात.

जूनमधली बॅटरी

बोर्ड ५ वॅट घेत असेल तर २४ तासांत १२० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ४० एएच (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरीत ४८० वॅट-तास असतात, पण ती निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे हाताशी दोनच दिवस. उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतलेले ४० वॅटचे सोलर पॅनेल दिवसाला १४० वॅट-तास देते. ढगाळ दिवशी ५०–६० मिळाले तरी खूप. शाळा उघडतात नेमक्या तेव्हाच बोर्ड मरतो, तो यामुळे.

मोठे पॅनेल घेण्याआधी टायमर लावा. शाळा भरण्या-सुटण्याचे मिळून ५ तास चालवला, तर २५ वॅट-तासांच्या आसपास भागते. सतत न पेटणारा बोर्ड नजरेत मुरतही नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, महाराष्ट्रात कल साधारण २० अंश. एका कोपऱ्यावर पडलेली सावली किंवा कावळ्याची घाणसुद्धा उत्पादन बरेच पाडते.

जागा आणि मोजणी

बोर्डाचा परिणाम ओलांडल्यावर फार टिकत नाही. शाळेच्या फाटकाच्या ३०० मीटर आधी लावाल, तर फाटकापाशी वेग परत चढलेला असेल. ५०–१०० मीटर ठीक. त्याच खांबावर वेगमर्यादेची पाटी हवीच, नाहीतर ‘३८’चा अर्थ काय लावायचा?

पहिला आठवडा डिस्प्ले बंद ठेवून फक्त नोंदी घ्या. सरासरी बघू नका; २०० नोंदी चढत्या क्रमाने लावून १७० वी बघा (शंभरातल्या ८५ गाड्या त्या वेगाच्या आत असतात), म्हणजे जोरात जाणारे कळतील. आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शाळेच्या दिवसांच्या आणि त्याच तासांच्या घ्या. शाळा सुटताना रिक्षांच्या गर्दीत वेग १० वर येतोच. ती पंधरा मिनिटे वेगळी काढा, नाहीतर त्याचे श्रेय बोर्डाला जाते.