आपल्या तालुक्याचा जुना सरकारी अहवाल डिजिटल ग्रंथालयात कसा शोधावा

"गुगलवर गावाचं नाव टाका, सगळं मिळतं" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. गावाच्या नावाने पिन कोड मिळतो, हवामान मिळतं, फार तर विकिपीडियावरच्या चार ओळी मिळतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने जमीनमोजणीच्या निमित्ताने तालुक्यातल्या गावागावांची जी माहिती छापली, ती या वाटेने हाती लागत नाही. त्यात विहिरी आहेत, नांगर आहेत, गुरं, पाऊस, बाजारभाव, जुना सारा (जमिनीवरचा सरकारी कर) आणि नवा सारा आहे. तिचा मोठा भाग स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहे. शोध मात्र तालुक्यापासून सुरू करावा लागतो, आणि तोही त्या काळच्या तालुक्यापासून.

पहिलं काम: गाव तेव्हा कुठे मोडत होतं ते ठरवा. ही पायरी टाळून पुढे गेलात तर उरलेला सगळा वेळ वाया जातो. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले ते सुपं आज बारामती तालुक्यात आहे. अहवालात ते सापडतं भीमथडी तालुक्यात, 'सुपा' या नावाखाली. आजच्या बारामती आणि दौंडचा बहुतेक प्रदेश तेव्हा भीमथडीत होता. 'बारामती तालुका' असा शोध घेणाऱ्याला म्हणूनच काही मिळत नाही.

जिल्ह्यांचंही तेच. जळगाव आणि धुळे १९०६ पर्यंत एकच खानदेश जिल्हा, नंतर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा. सांगली आधी साताऱ्यात, १९४९ पासून दक्षिण सातारा, १९६० पासून सांगली. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. यवतमाळ १९०५ पर्यंत वणी जिल्हा होता, आणि वाशिम स्वतंत्र जिल्हा होता तो त्याच वर्षी अकोला आणि यवतमाळ यांत वाटला गेला. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हा तिथली जनगणना हैदराबादच्या खंडात बघायची, मुंबईच्या नव्हे. विदर्भासाठी वऱ्हाड आणि मध्य प्रांत. फलटण, औंध, भोर, जत, मिरज, कोल्हापूर, सावंतवाडी, जंजिरा या संस्थानांची गावं ब्रिटिश तालुक्याच्या तक्त्यात नसतात. संस्थानांचे वार्षिक प्रशासन अहवाल वेगळे निघत. इनामी म्हणजे दुमाला गावंही खालसा (थेट सरकारला सारा देणाऱ्या) गावांच्या यादीतून अनेकदा वगळलेली असतात. यादीत गाव दिसलं नाही म्हणून ते तेव्हा नव्हतंच असा निष्कर्ष काढू नका. गोव्याची कागदपत्रं पोर्तुगीज आहेत, तिथे शोधही पोर्तुगीज स्पेलिंगनेच घ्यायचा.

आता कोणता अहवाल हवा? गावाची सर्वसाधारण ओळख हवी असेल तर जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ. रत्नागिरी-सावंतवाडी आणि खानदेश १८८०, नाशिक १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. गावनिहाय लोकसंख्या हवी असेल तर १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका. शेती, पाणी आणि साऱ्यासाठी मात्र तालुक्याचा सेटलमेंट रिपोर्टच, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याचा अहवालच, लागतो. हे रिपोर्ट 'सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्नमेंट' या मालिकेत छापले आहेत. सारा साधारण तीस वर्षांसाठी ठरत असे, मग फेरमोजणी. त्यामुळे एका तालुक्याचे निदान दोन अहवाल निघतात. दोन्ही घ्या. तीस वर्षांत विहिरी वाढल्या की बुजल्या, हे दोन तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कुठे शोधायचं: सेटलमेंट रिपोर्टसाठी आधी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह, मग इंटरनेट अर्काइव्ह. गॅझेटियरसाठी राज्य सरकारचा दर्शनिका विभाग. जनगणनेसाठी रजिस्ट्रार जनरलच्या संकेतस्थळावरचं डिजिटल ग्रंथालय. हस्तलिखित सरकारी पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल'. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे वळायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

आता अवघड भाग. माणसं इथेच कंटाळून सोडून देतात, आणि माझाही सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे.

स्कॅनवर जे शीर्षक दिसतं ते पुस्तकाचं असतंच असं नाही. जुन्या ग्रंथालयांनी पाच-सहा पातळ अहवाल एकाच पुठ्ठ्यात बांधले. स्कॅन करणाऱ्याने पहिल्या अहवालाचं मुखपृष्ठ पाहिलं आणि तेवढंच नाव नोंदवलं. म्हणजे इंदापूरचा अहवाल एखाद्या भलत्याच तालुक्याच्या नावाखाली झोपलेला असू शकतो. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'तून इंटरनेट अर्काइव्हवर आलेल्या प्रती तर नोंदींच्या बाबतीत सर्वांत वाईट आहेत. शीर्षकात स्पेलिंगच्या चुका, लेखकाच्या जागी 'माहीत नाही', वर्ष चुकीचं. म्हणून शीर्षकातला शोध अपुरा आहे. 'सेटलमेंट', 'रिव्हिजन सर्व्हे', 'सिलेक्शन्स', 'न्यू सीरीज' असे शब्द इंग्रजीत एकेक करून टाका, सोबत जुन्या जिल्ह्याचं नाव द्या, आणि जो खंड जाडजूड दिसेल तो उघडून शेवटपर्यंत चाळा. अहवालांच्या सुरुवातीला आधीच्या मोजणीच्या पत्रांचे संदर्भ असतात. त्यातले क्रमांक टिपून ठेवा. मालिकेतला क्रमांक हाती असला की शोध एकदम सोपा होतो.

यानंतरची अडचण मजकुरातल्या शोधाची. संगणकाने छापील पान वाचून जो मजकूर तयार केलेला असतो त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कॅम्पबेलच्या गॅझेटियरमध्ये दीर्घ 'आ' दाखवायला इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ दिली आहे. यंत्र ती रेघ-जोडलेली 'ए' अनेकदा 'डी' म्हणून वाचतं. त्यामुळे नाशिकमधल्या 'एन'नंतर 'डी' येतो, खानदेशात 'एच'नंतर 'डी' येतो, आणि साताऱ्यात तर दोन 'डी' घुसतात. तुम्ही शुद्ध स्पेलिंग टाकता आणि निकाल शून्य. मग लोक ठरवून टाकतात की पुस्तकात आपल्या गावाचा उल्लेख नाही! उल्लेख असतो. नावातला जो तुकडा दीर्घ 'आ'शिवायचा आहे तेवढाच शोधा: बारामतीसाठी शेवटचं 'मती'. ते जमलं नाही तर रेघवाल्या 'ए'च्या जागी 'डी' टाकून बघा. 'यू'चा 'एन' होणंही नेहमीचं, जुन्नरला तोच फटका बसतो. शिवाय गॅझेटियर 'व'साठी बहुधा 'व्ही' वापरतं. सावंतवाडीतले दोन्ही 'व' 'व्ही'ने लिहिले आहेत, 'डब्ल्यू'ने शोधणाऱ्याला ती दिसणार नाही.

आणि आकडे? तक्त्यांतले आकडे मजकूर-फाइलमधून कधीही, कोणत्याही कारणाने उचलू नका. तीनचा आठ होतो, रकाने एकमेकांत सरकतात, एका गावाचा सारा शेजारच्या गावापुढे जाऊन बसतो. असे आकडे घेऊन लिहिलेले लेख आणि प्रबंध मी वाचले आहेत. एकदा छापले गेले की ते पुढच्या दहा जणांच्या लेखनात जातात आणि मग ते दुरुस्त करणं कोणाच्याच हातात राहत नाही. पानाची प्रतिमा मोठी करा, रकान्याचं शीर्षक वाचा, बेरीज जुळते का बघा. गावांच्या तक्त्याखाली तालुक्याची एकूण बेरीज बहुधा दिलेली असते, तिचा उपयोग करा.

खरं तर ज्याला एकच गाव शोधायचं आहे त्याने शोधखिडकीचा नाद सोडलेला बरा. गॅझेटियरच्या प्रत्येक जिल्ह्यात शेवटचं प्रकरण स्थळांचं असतं आणि ते इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेलं असतं. पुणे जिल्ह्यापुरतं सांगायचं तर अठराव्या खंडाचा तिसरा भाग उघडा. सेटलमेंट रिपोर्टात गावांची यादी शेवटच्या परिशिष्टांत असते. पानं उलटत जाणं हीच तिथली सर्वांत भरवशाची पद्धत आहे.

पान क्रमांकाबाबत सावध राहा. स्क्रीनवरचा क्रमांक आणि कागदावर छापलेला क्रमांक वेगळे असतात, आणि त्यांतला फरक पुस्तकभर एकसारखा राहत नाही, कारण मधे नकाशे आणि कोरी पानं येतात. एकत्र बांधलेल्या खंडात तर 'पान १२' तीन-चार वेळा येतं. संदर्भ देताना अहवालाचं नाव, वर्ष, छापील पान आणि परिच्छेद क्रमांक द्या. सरकारी अहवालांत परिच्छेदांना क्रमांक असतात, ते आवृत्ती बदलली तरी उपयोगी पडतात.

घडीचे नकाशे बहुतेक स्कॅनमध्ये न उलगडताच टिपलेले आहेत. नकाशा हवा असेल तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत बघा, तिथेही नसेल तर मूळ पुस्तक असलेल्या ग्रंथालयात जा.

फाइल उतरवून घ्या, जिल्हा-तालुका-वर्ष असं नाव द्या. दुवे तुटतात.

वापराच्या हक्काची काळजी करायचं कारण नाही. भारतीय कायद्यानुसार सरकारी प्रकाशनांवरचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे वर उल्लेखलेले ब्रिटिशकालीन अहवाल छापायला मोकळे आहेत. पण जमिनीचा वाद चालू असेल तर या अहवालांवर विसंबू नका. त्यात गावाचा एकूण सारा आहे, कोणाच्या नावावर किती जमीन होती ते नाही. त्यासाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जुने सातबारा, फेरफार आणि कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा एक कागद) यांच्या नकलांसाठी अर्ज करा, आणि अर्जात गावाचं नाव जुन्या तालुक्यासह लिहा.