जोडीदाराला पहिला टॅरो डेक देताय? या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर एकाच चालीचे मेसेज सुरू होतात. 'ताई, बायकोला टॅरो शिकायचंय, हा डेक घेऊ का?' खाली एका चकचकीत डब्याचा फोटो आणि त्यावर 'सवलत आज रात्रीपर्यंतच'. मी उत्तर लिहीपर्यंत ऑर्डर गेलेली असते. मग मार्चमध्ये तोच माणूस, 'ताई, तिला काही जमत नाहीये हो.'

मी रत्नागिरीत घरच्या घरी टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचं वाचन, शिकवते. डेक म्हणजे त्या पत्त्यांचा संच. पत्त्यांतून भविष्य कळतं का, या वादात मी पडत नाही. समोर चित्र ठेवलं की माणूस स्वतःशी जरा खरं बोलतो, एवढं मी पाहिलंय आणि मला तेवढं पुरतं. पण त्यासाठी हातातला डेक बोलका हवा. तिथेच गाडी अडते.

डब्याला भुलणं

ही चूक माझ्याच घरात झाली, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग आहे.

माझा नवरा आंब्याचा धंदा करतो. 'पेटी बघून आंबा घेऊ नका, वरची रास उचलून खालचा थर बघा,' असं गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस. मला टॅरो शिकायचंय हे कळल्यावर त्याने मुंबईहून येताना सोनेरी कडांचा, लाल मखमली डब्यातला डेक आणला. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणीत ठेवला. मी हरखले. डबा अजून आहे, त्यात मी सेफ्टी पिना ठेवते.

आत निघाला मार्सेलिस पद्धतीचा डेक. 1910 साली सावरकरांनी बोटीतून उडी घेतली तेच मार्सेलिस, रत्नागिरीकरांना निराळं सांगायला नको. ही पद्धत जुनी आणि मानाची आहे, पण शिकाऊ माणसासाठी कठीण. टॅरोचे पत्ते 78. त्यातले 22 मेजर, म्हणजे द फूलपासून द वर्ल्डपर्यंत. उरलेले 56 मायनर, चार रंगांचे प्रत्येकी 14: वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स. मार्सेलिस पद्धतीत मायनरच्या एक्का ते दहा या पत्त्यांवर प्रसंगच नसतो. पाच कप म्हणजे पाच कप, मध्ये थोडी वेलबुट्टी. आपल्या इस्पिक-बदामसारखं. चौकट पंजी बघून कुणाला काय वाटणार?

त्यातून माझ्याकडे शिकायला पुस्तक होतं दुसऱ्याच पद्धतीचं. पुस्तकात आठवा पत्ता स्ट्रेंग्थ, बाई सिंहाचा जबडा धरून उभी. माझ्या हातात आठव्या नंबरावर तराजूवाली न्यायदेवता. नावं सगळी फ्रेंच, तेराव्या पत्त्यावर तर नावच नाही, नुसता विळा घेतलेला सापळा. आठ महिने मी रोज रात्री भांडी आवरून बसायचे आणि मला वाटायचं की आपल्यालाच अक्कल कमी. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, बिचाऱ्याने हौसेने आणलेला.

मग एका मैत्रिणीकडे रायडर-वेट डेक पाहिला. 1909 मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. तिने मायनरच्या प्रत्येक पत्त्यावर प्रसंग काढला, आणि शिकणाऱ्यासाठी हेच सोनं आहे. मैत्रिणीने उलटलेला पहिला पत्ता होता सिक्स ऑफ स्वोर्ड्स. होडी, मागे वल्हं मारणारा माणूस, पुढ्यात डोक्यावरून पदर घेतल्यासारखी पाठमोरी बाई आणि एक पोर, होडीत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. वल्ह्याच्या बाजूचं पाणी लाटांचं, पलीकडचं संथ. मी काहीही न वाचता म्हटलं, 'ही माहेरी चाललीय.' जयगडहून तवसाळला फेरीबोट सुरू व्हायच्या आधी आमची आजी अशीच तरीत बसून खाडी ओलांडायची, गाठोडं पायाशी घेऊन. त्या पत्त्याचा अर्थ मला परत कधी पाठ करावा लागला नाही.

म्हणून माझा हट्ट: पहिला डेक एकतर पामेलाच्या चित्रांचा, किंवा तिचे प्रसंग ज्यांनी सांगाडा म्हणून घेतलेत असा. असे डेक शेकड्याने आहेत, मांजरांचे, झाडांचे, हव्या त्या रंगांत. विकत घेण्याआधी मायनरमधले तीन पत्ते बघा: फाइव्ह ऑफ कप्स, सिक्स ऑफ स्वोर्ड्स, एट ऑफ कप्स. त्यांवर माणसं काहीतरी करताना दिसली तर पुढे बोलू. नुसते मेजरचे फोटो टाकून विकणाऱ्याकडून मी घेत नाही, कारण मेजर सगळ्यांचेच देखणे असतात.

थॉथ या आणखी एका पद्धतीच्या डेकचं वेड हल्ली मुलांमध्ये फार दिसतं. लेडी फ्रीडा हॅरिसने काढलेली चित्रं अप्रतिम आहेत, पण त्यात स्ट्रेंग्थचं लस्ट झालंय आणि टेम्परन्सचं आर्ट. दुसरा डेक म्हणून जरूर द्या.

पत्ते न मोजणं

देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरतात हे आपल्याला माहीत असतं, तरी टॅरो घेताना आपण तीनशे रुपयांचा डेक उचलतो. आमच्याकडे डेक हातात घेऊन बघायची सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त ऑनलाइनवर, आणि तिथे नकली डेकांचा सुळसुळाट आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक जोडपं माझ्याकडे आलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसली. त्याने तिला वाढदिवसाला डेक दिलेला. ती रोज सकाळी एक पत्ता काढायची, आणि दर थोड्या दिवसांनी सिक्स ऑफ कप्स. त्या पत्त्यावर जुन्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला कप देतोय. अर्थ बालपण, आठवणी, जुनी माणसं. पण फोनवरच्या अ‍ॅपने तिला सांगितलं, 'जुनं प्रेम परत येत आहे.' तिला वाटलं, याचं. त्याला वाटलं, हिचं. तो कॉलेजातल्या एका मुलीच्या लग्नाला चिपळूणला जाऊन आला होता, त्यात हे.

मी म्हटलं, आधी डेक द्या इकडे. हातात घेताच कळलं. पत्ते लग्नपत्रिकेपेक्षा पातळ, रंग गढूळ, चित्रं कडेने कापलेली. खालच्या कोपऱ्यात पामेलाची गुंतवळीसारखी सही असते, ती निम्म्या पत्त्यांवर अर्धी छाटलेली. पुस्तिका नाही, त्याऐवजी एक क्यूआर कोड. आधी नुसते मोजले. 78 भरले. मग चारही रंग लावून नीट पाहिलं: सिक्स ऑफ कप्स दोन, टेन ऑफ पेंटॅकल्स एकही नाही.

दोघं आधी गप्प. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. टेन ऑफ पेंटॅकल्स म्हणजे भरलं घर, आजोबा, नातवंडं, दाराशी कुत्री. तोच पत्ता त्यांच्या डेकात नव्हता. यावर मी एखादं गूढ भाष्य करीन म्हणून दोघं माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकला.

तेव्हा डेक हातात आला की गिफ्ट पेपर लावायच्या आधी मोजा, आणि नुसते मोजू नका, रंगवार लावा. डब्यावर प्रकाशकाचं नाव-पत्ता बघा. पामेला 1951 मध्ये गेली. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे तिची चित्रं स्वस्तात छापलेली दिसली म्हणजे चोरीच, असं नाही. छपाई बघून ठरवा. पण आजच्या, हयात चित्रकाराचा डेक तीनशेत मिळाला तर तो चोरून छापलेला आहे असंच समजा. पामेलालाही या कामाचे फारच थोडे पैसे मिळाले होते. दर वेळी चित्रकारालाच का नाडायचं?

आणि रोज सकाळी अ‍ॅपला विचारणं बंद करा. एका रविवारी टॅरो शिकवणारे वर्गही. 78 अर्थ पाठ करून कुणाला रीडिंग येत नाही, बाराखडी पाठ झाली म्हणून पत्र लिहिता येत नाही तसंच. प्रत्येक पत्त्यावर अर्थ छापलेले डेक मिळतात, ते म्हणजे शाळेतलं गाइड. एकदा गाइडची सवय लागली की धडा कोण वाचतो?

मीठ

नेटवर कुणीतरी सांगतं, नवा डेक शुद्ध करायला खडेमिठात ठेवा. सांगणारा कोरड्या हवेतला असणार. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत बरणीतलं मीठ चमच्याला चिकटतं, उघड्या वाटीतलं पाझरतं. माझ्या एका विद्यार्थिनीने नवऱ्याने दिलेला डेक मिठाच्या परातीत ठेवला आणि गौरी-गणपतीला सासरी गेली. परत आली तेव्हा परातीत मीठवणी आणि त्यात पत्त्यांचा लगदा. चांदण्यात गच्चीवर ठेवायचा सल्लाही तसलाच, खारा वारा आणि दव रात्रीत काम करतात.

मी डेक पापडाच्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. रेशमी बटव्याला पावसात बुरशी येते. सोनेरी कडा एकमेकींना चिकटतात, म्हणून कोकणात भेट द्यायची तर साध्या कडांचा घ्या. पत्ते वाकले असतील तर दोन पाटांमध्ये दाबून रात्रभर ठेवा. इस्त्री नको. हे लिहावं लागतंय, यावरून काय ते समजा.

बाकीच्या, चटकन

ओरॅकल डेक म्हणजे टॅरो नाही. त्यात किती पत्ते असावेत याला नियमच नाही, त्यामुळे तो घेऊन टॅरोच्या वर्गाला येऊ नका.

सावंतवाडीचा गंजिफाही टॅरो नाही. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते, आणि तो खेळ आहे. टॅरोही पंधराव्या शतकात इटलीत खेळ म्हणूनच सुरू झाला, हे खरं. भिंतीवर लावायला, हातात धरून बघायला गंजिफा द्याच.

'पहिला डेक कुणीतरी दिलेलाच चालतो' ही समजूत निराधार. तिला स्वतः निवडू दे, पैसे तुम्ही भरा. अचानक भेट द्यायचीच असेल तर डेथ, डेव्हिल, टॉवर आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स हे चार पत्ते तिला सहज म्हणून फोनवर दाखवा. तिने नजर वळवली तर दुसरा डेक बघा. गोड पत्ते सगळ्यांना आवडतात.

आकार. नेहमीचा डेक 70 बाय 120 मिलिमीटर, आपल्या पत्त्यांपेक्षा बराच लांब. लहान हातांना पिसता येत नाही.

एकत्र कुटुंब असेल तर लव्हर्स, स्टार, डेव्हिल या पत्त्यांवरची चित्रं उघडीवाघडी असतात हे आधी बघून ठेवा. माझ्या सासूबाईंनी मात्र चित्रांकडे ढुंकून पाहिलं नाही. मी पत्ते मांडताना शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'काय गो, हा कौलच ना? गाऱ्हाणं कोण घालतं?' देवाला तांदळाचे दाणे लावून उजवा पडतो की डावा याची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांना समजावण्यात माझी पाच मिनिटंही गेली नाहीत. शिकलेल्या लोकांना तासभर लागतो.

चुकीचा डेक देऊन झाला असेल तर टाकू नका, आणि नाराज जोडीदारावर लादूही नका. माझा मार्सेलिस डेक अजून वापरात आहे. त्यातले 22 मेजर आणि चार घोडेस्वार बाजूला काढले की बरोबर 52 पत्ते उरतात. पावसात लाइट गेली की नवरा, दीर, मी आणि सासूबाई मेणबत्तीवर त्याच पत्त्यांनी मेंढीकोट खेळतो. कप म्हणजे बदाम आणि तलवार म्हणजे इस्पिक हे सासूबाईंना पाठ झालंय. नाण्यांना मात्र त्या अजून चौकट म्हणत नाहीत, पैसेच म्हणतात, आणि पैशांची दश्शी हाती लागली की आधीच हसून सगळ्यांना कळवतात.