सॅल्व्हेज टगवर जॉईन होताय? आधी टोइंग वायर समजून घ्या

नवीन मुलांना वाटतं सॅल्व्हेज टग (संकटातल्या जहाजाला ओढून वाचवणारी ताकदवान बोट) म्हणजे रोज वादळ, रोज रेस्क्यू. तसं काही नाहीये, बरेच दिवस स्टेशनवर थांबण्यातच जातात, व्हीएचएफ रेडिओ ऐकत, इंजिन तयार ठेवून, आणि माझ्या मते माणूस घडतो तो याच दिवसांत, कारण टोइंग वायरला (जहाज ओढायच्या पोलादी दोराला) ग्रीस, शॅकलच्या (जोडणीच्या लोखंडी कड्यांच्या) पिना, पोर्टेबल पंप चालू करून बघणं हे सगळं तेव्हाच होतं, कॉल आल्यावर नाही.

बंद पडलेल्या जहाजावर पॉवर नसेल तर त्यांचं विंचही (दोर ओढायचं यंत्र) चालत नाही, हे आधी डोक्यात बसवा. म्हणून आधी बारीक लाईन रॉकेटने टाकायची, तिला मेसेंजर (मधली जरा जाड लाईन), मेसेंजरला जाड दोर, आणि शेवटी वायर, आणि समोरची थकलेली, घाबरलेली माणसं हे हातानं ओढत असतात, तेव्हा घाई करू नका. 20,000 डेडवेट टन (जहाज किती वजन वाहू शकतं त्याचं माप) आणि त्यावरच्या टँकरवर पुढे-मागे दोन्हीकडे इमर्जन्सी टोइंगची सोय असावीच लागते, बाकी जहाजांवर बघून ठरवावं लागतं.

टो (ओढणं) सुरू झाल्यावर वायर ताठ दिसली तर खूश होऊ नका. ती पाण्यात झोळ खाऊन राहिली पाहिजे, लाटेचा झटका तो झोळच खातो. स्टर्नवर (टगच्या मागच्या टोकावर) घासते तिथे मधूनमधून थोडी सोडून घासायची जागा बदलायची. ताणाखालच्या वायरच्या रेषेत कधीच उभं राहू नका, तुटली तर अंग बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही. आणि वायर बाजूने ओढायला लागली की टग आडवा होऊन उलटू शकतो, म्हणून वॉटरटाइट दारं बंदच, आणि क्विक रिलीज (वायर झटकन सोडायची सोय) कुठेय ते झोपेतही सांगता आलं पाहिजे.

1978 मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ अमोको काडिझ टँकरचं स्टिअरिंग गेलं, टगने टो जोडला, तो तुटला, परत जोडेपर्यंत फार उशीर झाला होता आणि 2 लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर फ्रान्सने ब्रेस्टला मोठा टग कायम तैनात ठेवला. आजचा तिथला आबेय बुर्बाँ 80 मीटर लांब आहे, बोलार्ड पुल (ओढण्याची ताकद) साधारण 200 टन, तरी जोडणी कच्ची असेल तर तेवढी ताकदही वायाच.

पैशाचंही विचारतात बरेच जण. लॉइड्स ओपन फॉर्मचं (जहाज वाचवण्याच्या ठराविक कराराचं) तत्त्व 'वाचवलं नाही तर पैसे नाहीत' असं आहे, पण तो हिशोब कंपनीचा, तुमचा पगार काँट्रॅक्टप्रमाणे, आणि सॅल्व्हेज अवॉर्डमधला (जहाज वाचवल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातला) क्रूचा वाटा कसा ठरणार हे सही करायच्या आधीच वाचून घ्या. जमलं तर आधी हार्बर टगवर (बंदरातल्या टगवर) काम करा, दोर हाताळायची सवय तिथे लागते.